टोपीखालची वेणी

दिनांक ३ जून. बिस्किटाच्या पुड्यात केस निघाला म्हणून आमच्या कारखान्याने एका गिऱ्हाइकाला बारा हजार सातशे पन्नास रुपये भरपाई दिली. धनादेश मीच लिहिला. केस सव्वीस इंच लांब होता, आणि पॅकिंग विभागात एवढी लांब वेणी एकाच बाईची होती. ती बाई म्हणजे माझी थोरली वहिनी.

वहिनी माझ्याच वयाच्या, नात्याने मोठ्या. एकोणीस वर्षे तिसऱ्या टेबलावर आहेत, त्यातली सहा टेबलप्रमुख म्हणून. पुडा नुसता हातात घेऊन त्या वजन सांगतात आणि काटा त्यांना खोटे पाडत नाही. निवृत्तीला दोन वर्षे उरलेली.

व्यवस्थापकांनी त्यांची टोपी पांढऱ्या कागदावर झटकली. अकरा केस पडले, वर कोंडा.

"मैदा म्हणावा तर तो आपण टोपीत ठेवत नाही," व्यवस्थापक म्हणाले. "केस आखूड करा, नाहीतर खोक्यांच्या गोदामात जा."

गोदामात दिवसभर खोकी उचलायची. वहिनींच्या गुडघ्यांना ते झेपणारे नव्हते.

"केस माझाच आहे साहेब, नाही म्हणत नाही," वहिनी म्हणाल्या. "पण आजार बघायच्या आधीच कात्री कशाला? एक महिना द्या."

महिना मिळाला.

आम्ही एकाच घरात राहतो, दादा-वहिनी खाली, मी वर. त्या संध्याकाळी मी वहीत दोन रकाने आखले, तारीख आणि फणीतले केस.

"भावजी, जन्मभर कारखान्याचे हिशेब तपासलेत, आता माझ्या डोक्याचं ऑडिट का?"

दादा पेपरामागून म्हणाला, "काही शिल्लक निघाली तर माझ्या टकलावर जमा कर."

दहा दिवसांचे आकडे घेऊन वहिनी आणि मी कारखान्याच्या प्रथमोपचार खोलीतल्या नर्सबाईंकडे गेलो. एरवी तीस-पस्तीस, न्हायच्या दिवशी सत्तर. त्यांनी वही बाजूला ठेवली.

"दिवसाला शंभरापर्यंत केस कोणाचेही गळतात, आणि न्हायच्या दिवशी जास्त दिसतात. ते सोडा. तुम्ही न्हाता कधी?"

"पहाटे साडेचारला. सहाची पाळी असते ना."

"मग वाळतात कधी?"

वाळतच नव्हते. ओल्या केसांचा घट्ट अंबाडा, त्यावर टोपी, ती दुपारी दोनला निघायची. डोके खाजते म्हणजे कोरडे पडले असणार, असे समजून त्या रोज रात्री मुळांना तेल चोळत होत्या.

"ओलं फडकं आठ तास डब्यात कोंबलं तर काय होईल?" नर्सबाई म्हणाल्या. "त्यात वरून तेल. कोंड्याची चंगळच की!"

त्यांनी सांगितलेल्यात महाग असे काही नव्हते. आठवड्यातून दोनदा, पाळी संपल्यावर न्हायचे. कोंडा आहे तोवर मुळांना तेल नाही. न्हाण्याआधी तासभर फक्त खालच्या केसांना चमचाभर. कोंड्याचा शाम्पू नखांनी नव्हे, बोटांच्या पेरांनी चोळायचा आणि पाच मिनिटे ठेवायचा. टॉवेलने खसाखसा पुसायचे नाही, दाबून टिपायचे. पूर्ण वाळल्याशिवाय बांधायचे नाही. सकाळी घरीच जाड दातांच्या फणीने टोकांकडून वर विंचरायचे, म्हणजे सुटलेले केस घरीच राहतात. मग सैल वेणी, जाळी आणि रोज धुतलेली टोपी. फणीही आठवड्याला साबणाच्या पाण्यात धुवायची.

फणीचे काम मी घेतले. स्वच्छ तर पुरती स्वच्छ, म्हणून पहिल्याच रविवारी ती उकळत्या पाण्यात टाकली. प्लॅस्टिकचे दात चारी दिशांना वाकले.

"आता या फणीने भांगही वाकडाच पडेल," वहिनी म्हणाल्या आणि दुसरी घेऊन आल्या.

आठवडा झाला तरी फारसा फरक दिसेना. खाज थोडी कमी, कोंडा तसाच. वीस जूनला चहाच्या वेळी वहिनींनी कात्री आणून टेबलावर ठेवली.

"त्यांनी कापायला लावण्यापेक्षा मीच कापते. निदान सरळ तरी कापीन."

दादाने पेपर खाली ठेवला. "तेरा दिवस आहेत अजून. कात्री कुठे पळून जाणार आहे का?"

वहिनी उठल्या. मग कात्री खणात ठेवली आणि केस वाळवायला गॅलरीत गेल्या.

तीन जुलैला व्यवस्थापकांनी पुन्हा पांढरा कागद पसरला. जाळीत दोन केस निघाले. टोपीतून काहीच पडले नाही. त्यांनी टोपी आणखी एकदा झटकली, उलटी करून पाहिली.

"ही जाळी आता सगळ्यांनाच लावू," ते म्हणाले.

"आणि माझं टेबल?"

"टेबल जागेवरच आहे. तुम्ही इथे काय करताय? पाळी सुरू झाली."

वहिनी गेल्या. वेणी आहे तेवढीच आहे, आणि न्हाणे अजूनही दुपारचेच. नव्या फणीचे पासष्ट रुपये मी त्यांना द्यायचे आहेत. अजून दिलेले नाहीत.