बर्फाच्या खोलीत स्लीपिंग बॅग

एप्रिलचा तिसरा रविवार, सकाळचे अकरा. रोह्याबाहेरचा बर्फाचा कारखाना. हजर: मी, जवळच्या वरसे गावात राहणारी माझी धाकटी बहीण, कारखाना सांभाळणारा तिचा दीर आणि बर्फ न्यायला आलेली एक म्हातारी कोळीण. कोळीण ठरलेल्यांत नव्हती.

मे महिन्यात आम्हा दोघी बहिणींना हिमाचलात सहा दिवसांच्या ट्रेकला जायचं आहे. गेल्या वर्षी माझ्या गुडघ्याने तो बुडवला. या वर्षी डॉक्टरांनी परवानगी दिली, पण अट घातली: पाठीवर आठ किलोच्या वर काही नाही. त्या वाटेवर खेचरं नाहीत, हमाल नाहीत. सोमवार संध्याकाळपर्यंत ट्रेकच्या प्रमुखाला हो किंवा नाही कळवायचं, आणि मी नाही म्हटलं तर बहीणही जाणार नाही.

बाकीचं सामान सहा किलो नऊशे ग्रॅम. एकेक वस्तू तोलून लिहिलेली. म्हणजे स्लीपिंग बॅगेला उरले अकराशे ग्रॅम.

पेणला गाद्यांच्या दुकानात विचारलं तर दुकानदाराने चेन लावलेली रजई समोर टाकली. उचलताना त्यालाच दोन्ही हात लागले.

"मला हलकी हवी."

"हलकी टिकत नाय ताई. ही दहा वर्षं हलणार नाय."

ती हलणार नाही यावर माझा पूर्ण विश्वास बसला.

मग मोबाइलवर शोधलं. तिथे प्रत्येक बॅगेला दोन तापमानं. एकात माणूस सुखाने झोपतो, दुसऱ्यात कशीबशी रात्र काढतो. मोठ्या अक्षरांत छापतात ते दुसरं. वजनाचीही तीच तऱ्हा. साडेआठशे ग्रॅम लिहिलेली बॅग मागवली, स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली, तर पिशवीसकट एक हजार चाळीस. तरी बसत होती. प्रश्न उबेचा होता, आणि एप्रिलात पेणला थंडी आणायची कुठून? पंख्याखालीसुद्धा घाम येतो. बर्फाच्या खोलीची कल्पना बहिणीची.

तिच्या दिराने लाद्या सरकवून जागा करून दिली. "दार नुसतं ओढून घेतो, कडी नाय लावत. नायतर उद्या तुम्हाला सुरमईबरोबर गाडीत भरतील."

मी स्वेटर घातला, दोन जोड मोजे चढवले, बॅगेत शिरले, चेन गळ्यापर्यंत ओढली आणि घड्याळ लावलं. अर्धा तास झोपून राहायचं ठरवलं होतं. बाराव्या मिनिटाला पाठ बधिर झाली. पोट गरम, छाती गरम, पाठ मात्र दगड. इतके दिवस घालवून निवडलेली बॅगही फुकट, असं वाटून मला रडूच यायला लागलं. तेवढ्यात दार उघडून कोळीण आत आली.

"काय गो बाय, तू बोंबील हायस का? बर्फात काय पडलीस?"

"मावशी, ती थंडीची तयारी करतेय," दारातून बहीण म्हणाली. तिचं हसू थांबत नव्हतं.

"तयारी कसली? खाली काय घातलंस गो?"

"काही नाही."

"मग काय होनार? अंगाखाली दबलं की कसली ऊब? बर्फ खालनंच खातो. खाली जाड कायतरी घाल, मग नीज खुशाल."

तिने आपली पाटी भरली आणि गेली. मी तिथेच कुडकुडत पडून राहिले, थंडीने कमी आणि स्वतःवरच्या संतापाने जास्त. दोन महिने यादी करते आहे. त्यात सुईदोरा आहे, शिट्टी आहे, नखं कापायचं यंत्र आहे. खाली अंथरायची चटई नाही.

दिराने कुठूनतरी खोके बांधायच्या फोमचा तुकडा आणून दिला. तो खाली घालून पुन्हा आत शिरले. या वेळी अर्धा तास पुरा झाला. पाठ गरम. बॅग चांगली निघाली.

बहिणीने टाळ्या वाजवल्या. "झालं तर! लगेच हो कळव."

"फोमची चटई चारशे ग्रॅम असते," मी म्हटलं. तिने हात खाली घेतले.

हे लिहिते आहे ती सोमवारची दुपार. एकूण आठ किलो तीनशे चाळीस. नखं कापायचं यंत्र काढलं, जादा टॉवेल काढला, तरी दोनशे दहा ग्रॅम वर आहेत. सकाळपासून बहिणीचे तीन फोन येऊन गेले. प्रमुखाला उत्तर अजून पाठवायचं आहे.