मास्तर खिंड ओलांडतात

गावातल्या निम्म्याअधिक लोकांच्या हातात पहिल्यांदा स्टीअरिंग दिलं ते मास्तरांनी. मास्तर बाजारातून चालत निघाले की समोरून येणारी गाडी आपोआप हळू व्हायची, चालवणारा ताठ बसायचा आणि आरशात बघितल्यासारखं करायचा. मास्तरांना हे फार आवडायचं. एक गोष्ट मात्र कुणाच्या ध्यानात आली नव्हती. इतकी वर्षं मास्तर गाडीत बसले होते ते बहुतेक शेजारच्या सीटवर. शिकवणीच्या गाडीत तिथेही एक जादा ब्रेक असतो, आणि त्या ब्रेकवर पाय ठेवूनच मास्तरांचा संसार झाला होता.

त्यांची थोरली बहीण खिंडीपलीकडच्या गावात राहायची. दर उन्हाळ्यात मास्तर मास्तरीणबाईंना घेऊन ताईंकडे जायचे, रस्ता कोरडा खडखडीत असायचा, आणि मास्तर वळणावळणावर थांबून देखावा दाखवायचे. हिवाळा लागला आणि खिंडीत बर्फ पडला की मास्तरांना नेमकं काहीतरी काम निघायचं.

यंदा ताई स्वतःच्याच पायरीवरून घसरल्या आणि पाय मोडून बसल्या. शेजारणी जेवणखाण बघत होत्या, पण ताईंना कुणाचं मिंधं राहायची सवय नव्हती. त्यांनी फोन लावला.

"मला न्यायला ये."

"ताई, खिंडीत बर्फ आहे गं."

"हिवाळ्यात बर्फ नाही तर काय फुलं पडणार? भाजीचा ट्रक रोज येतो इथे."

"ट्रकची गोष्ट वेगळी. आपल्याला नीट बेत आखावा लागतो."

"मग आख. माझं प्लास्टर निघायच्या आत आख म्हणजे झालं."

मास्तरांनी बेत आखायला घेतला. जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला, तो उचलायचा नाही असा हुकूम निघाला, आणि घरातली माणसं ताटं मांडीवर घेऊन जेवू लागली. घरातली माणसं म्हणजे दोघंच. मास्तरीणबाई नगरवाचनालयात काम करायच्या. दिवसभर लोकांना 'हळू बोला' सांगून आल्यावर घरी आपल्याच नवऱ्याला मोठमोठ्याने वळणं मोजताना ऐकायचं, हे त्यांच्या वाट्याला आलं.

"हे बघ, इथे चढ. इथे सावली, म्हणजे बर्फ घट्ट. आणि हे वळण तर असं आहे की जाणारा माणूस परत आपल्याकडेच येतोय असं वाटतं."

"अहो, उन्हाळ्यात आपण तिथेच उभं राहून फोटो काढला होता."

"उन्हाळ्याचं सोड."

मग सामान आलं. फावडं आलं, चाकाखाली टाकायला वाळूचं पोतं आलं, घोंगड्या आल्या, दोन थर्मास आले. पहिला फुटला तर, म्हणून दुसरा. चाकांना बांधायच्या साखळ्या आल्या. त्या बांधायची रंगीत तालीम मास्तरांनी लख्ख उन्हात, कोरड्या अंगणात, जाडजूड हातमोजे घालून केली. समोरच्या शिंपीणबाई मशीन थांबवून खिडकीत आल्या. मास्तर अर्धा दिवस गाडीखाली होते. साखळी चाकाला बसली, पण हातमोजाही साखळीत बसला, आणि मास्तरीणबाईंना कात्री घेऊन यावं लागलं.

रोज सकाळी मास्तर रस्ते विभागाच्या कचेरीत फोन करायचे. तिथे एक बाई खिंडीची खबर द्यायच्या. सुरुवातीला त्या नाव-गाव विचारायच्या. मग नुसत्या आवाजावरून ओळखू लागल्या.

"मास्तर ना? रस्ता चालू आहे. बर्फ काढलाय, वाळू टाकली आहे, साखळ्या लावून जा."

"वारा किती आहे?"

"असतो तेवढाच."

"मग उद्या बघू," म्हणून मास्तर फोन ठेवायचे. वारा नसेल तेव्हा धुकं असायचं. धुकं नसेल तेव्हा ऊन असायचं, आणि उन्हाने बर्फ वितळून रस्ता निसरडा होतो, हे तर सर्वांना माहीतच आहे.

शेवटी एका सकाळी कचेरीत फोन मास्तरीणबाईंनीच लावला. पलीकडच्या बाईंचं ऐकून घेतलं, आभार मानले, फोन ठेवला आणि म्हणाल्या, "मी रजा टाकली आहे. बूट घाला."

घरची म्हणावी अशी एकच गाडी होती, ती शिकवणीची. टपावर 'शिकाऊ चालक' अशी ठळक पाटी. मास्तर ती काढायला गेले.

"राहू द्या," मास्तरीणबाई म्हणाल्या. "मागचे लोक जरा लांब राहतील."

सपाटीवर मास्तर छान चालवत होते. पायथ्याशी त्यांनी साखळ्या बांधल्या, या खेपेला हातमोज्यांशिवाय, आणि त्या एका दमात बसल्या. मास्तरांनाच आश्चर्य वाटलं. चढ सुरू झाला. दोन्ही कडांना बर्फाच्या भिंती, मधे राखाडी रस्ता, आणि वर कुठेतरी खिंड. पहिल्या मोठ्या वळणाच्या अलीकडे मास्तरांनी गाडी कडेला घेतली, उतरले, साखळ्या तपासल्या आणि परत येऊन बसले. मग पुन्हा उतरले, पुन्हा तपासल्या. तिसऱ्यांदा दाराला हात घातला तेव्हा मास्तरीणबाई म्हणाल्या, "अहो, त्या काही पळून जात नाहीत."

मास्तरांनी दारावरचा हात काढला. समोरच्या काचेतून वळणाकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "हाताला घाम सुटलाय गं. शेजारी बसलं की मला सगळं दिसतं, सगळं सुचतं. इथे बसलं की हा सगळा डोंगर माझ्या एकट्याच्या अंगावर येतो."

मास्तरीणबाई हसल्या असत्या तर मास्तरांनी गाडी तिथूनच माघारी वळवली असती. पण त्या हसल्या नाहीत.

"मग इकडे बसा," त्या म्हणाल्या. "मला शिकवा."

"बर्फात? तू तर महिनोन्‌महिने गाडीला हात लावत नाहीस!"

"म्हणूनच म्हणते, शिकवा."

जागांची अदलाबदल झाली. मास्तर शेजारच्या सीटवर बसले मात्र, त्यांचा आवाजच पालटला. "पहिला गिअर. क्लच सोडा, अगदी सावकाश. घाई कुणाला नाही." शिकवताना मास्तर बायकोलाही 'तुम्ही' म्हणायचे. पण एक अडचण होती. त्यांचा उजवा पाय आपसूक जादा ब्रेककडे जायला लागला, आणि बर्फावर भलत्या वेळी ब्रेक लागला तर गाडी कुठे जाईल याचा नेम नाही, हे त्यांच्याइतकं कोण जाणत होतं? त्यांनी थोडा विचार केला, बूट काढले आणि सीटवर चक्क मांडी घातली.

"हे काय?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"पुढे बघा. रस्ता पुढे आहे."

अशा रीतीने, टपावर शिकाऊची पाटी, आत मास्तरीणबाई चालवताहेत आणि शेजारी मास्तर सीटबेल्ट लावून मांडी ठोकून बसलेत, अशी ती गाडी खिंडीकडे निघाली. समोरून येणारा भाजीचा ट्रक पाटी बघून थेट भिंतीला चिकटून उभा राहिला. ड्रायव्हरने कुतूहलाने आत डोकावलं, मास्तरांना ओळखलं आणि सवयीने आरशात बघितलं.

एकदा मागचं चाक सरकलं. मास्तरीणबाईंच्या तोंडून "आई गं" निघालं. मास्तर न हलता म्हणाले, "काही नाही. पाय वर घ्या. स्टीअरिंग जिकडे जायचंय तिकडे. हं, झालं. बघा, जमलं." गाडी सरळ झाली. मास्तर मांडी सोडून ब्रेकवर उतरले नाहीत, असं मास्तर सांगतात. मास्तरीणबाई सांगतात, एक गुडघा उतरला होता.

ताई खिडकीत वाटच बघत होत्या. गाडीच्या चालकाच्या दारातून वहिनी उतरली आणि दुसरीकडून भाऊ नुसत्या मोज्यांवर बर्फात उतरून गाडीतले बूट शोधायला लागला, हे त्यांनी नीट पाहिलं.

"तू शेजारी बसून आलास होय रे?"

"त्यांनी शिकवलं, मी चालवली, वन्सं," मास्तरीणबाई मधेच म्हणाल्या. "पहिल्यांदाच इतकं छान शिकवलं."

परत निघताना मास्तरांनी आपण होऊन किल्ली मागितली. मास्तरीणबाईंनी ती मुकाट्याने दिली. ताई मागच्या सीटवर प्लास्टरचा पाय आडवा टाकून बसल्या. उतार सुरू झाला आणि मास्तर हळू आवाजात बोलू लागले, "दुसरा गिअर. घाई कुणाला नाही. पाय ब्रेकवरून काढा. हं, चांगलं चाललंय तुमचं."

"हा कुणाशी बोलतोय?" ताईंनी विचारलं.

"विद्यार्थ्याशी," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"बरा आहे का?"

"घाबरट आहे थोडा," रस्त्यावरून नजर न काढता मास्तर म्हणाले. "पण होईल तयार."

त्या मोठ्या वळणावर त्यांचा आवाज एकदम बंद झाला. वळण संपलं, पुढचा सरळ रस्ता दिसला, आणि मास्तरांनी इतका मोठा सुस्कारा सोडला की समोरची काच धुरकटली. मास्तरीणबाईंनी हात लांब करून ती पुसली.

ताई मास्तरांच्या घरी रमल्या. टेबल भिंतीला लावलं, नकाशा घडी करून फडताळात टाकला, शिंपीणबाईंशी खिडकीतून खिडकीत गप्पा जमवल्या. मास्तर मात्र बदलले. उगाच दुपारी गाडी काढून पायथ्यापर्यंत जाऊन यायचे, आणि आल्यावर रस्त्याची खबर कुणी न विचारता द्यायचे. कचेरीतल्या बाईंना ते आता फोन करून स्वतःच सांगत, आज कुठे वाळू कमी पडली आहे.

प्लास्टर निघालं त्या दिवशी ताई म्हणाल्या, "आता बर्फ वितळला की जाईन मी."

"वितळायची कशाला वाट बघायची?" मास्तर खुर्चीतून उठलेच. "उद्याच निघू. काल रात्री ताजा पडलाय, फार सुंदर दिसत असेल वर."

ताईंनी वहिनीकडे पाहिलं.

"निघा, वन्सं," मास्तरीणबाई म्हणाल्या. "तुम्ही नाही निघालात तर हे एकटेच जाऊन येतील."