परसोंची चावी

पुण्याहून आलेली गाडी उशिरा पोचली. हैदराबादेत नारायणगुड्याला रिक्षातून उतरलो तेव्हा ताई दारातच होती आणि भिंतीला टेकलेल्या तिच्या सायकलचं हँडल मान मुरगळल्यासारखं एका बाजूला झुकलं होतं. सायकल नवी, गियरची. देशाची दारं उघडल्यावर आत आलेल्या वस्तूंपैकी एक. हिचे सगळे बोल्ट षट्कोनी खाचेचे. ते पिळायची एलन-की (काटकोनात वाकवलेली षट्कोनी सळई) सायकलसोबत फुकट आली होती आणि फुकटच्याच लायकीची होती. दोनदा वापरल्यावर तिचे कोपरे झिजून गोल झाले.

ताई याच सायकलवरून मलकपेठेच्या शाळेत शिकवायला जायची. "बस नक्को रे बाबा," ती म्हणाली. तिच्या मराठीत आता हैदराबाद मुरलं आहे. भावजींनी मात्र सायकलला गिऱ्हाईक पाहून ठेवलं होतं.

"रविवारपर्यंत हँडल घट्ट बसलं तर ठेव. नाहीतर विकू. भर रस्त्यात फिरलं म्हणजे?"

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं, हीच पंचाईत.

हँडलच्या बोल्टची खाच अजून शाबूत होती. आणखी एक वाईट चावी लावली असती, तर तीही गेली असती. सायकलसोबत आलेला जादा बोल्ट मापाला खिशात टाकला आणि आबिड्सचा बाजार गाठला.

पहिल्या दुकानात चाव्यांचा संच मखमली पेटीत होता, झाकणावर परदेशी झेंडा. चावी बोल्टमध्ये घातली तर खुळखुळली. मखमल मात्र उत्तम होती.

शेजारच्या दुकानातल्या चाचांनी तेलकट कागदातून एक काळी चावी काढली. कोपरे धारदार. बोल्टमध्ये बसली ती हलेना. दामही माफक.

"माल कब का है, चाचा?"

"परसों आया, मियाँ. लेना है तो लेओ."

परवा आलेला माल म्हणजे त्याच नव्या, तकलादू आयातीच्या लाटेतला, फक्त पेटीविना. मी चावी न घेताच नमस्कार करून बाहेर पडलो.

घरी हे सांगितलं तेव्हा ताई पोट धरून हसली. "अरे, इथलं परसों म्हणजे होऊन गेलेला कुठलाही दिवस. आमचं लग्नसुद्धा परसोंच झालं."

"मला तर त्याहून जुनं वाटतं," भावजी आतून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा आबिड्स. चाचांनी मला ओळखलं. "कल लेने में क्या हुआ था?"

"पुणे से आया हूँ."

"हौ (अस्सं), तभीच."

रविवारी हँडल बसवलं. भावजींनी पुढचं चाक गुडघ्यांत आवळून ते दोन्ही हातांनी पिळून पाहिलं. हललं नाही. त्यांनी पुन्हा पिळलं, हात पुसले आणि गिऱ्हाइकाला नाही सांगायला निघाले.

सोमवारी मला निरोप द्यायला ताई थांबली नाही. शाळेची वेळ झाली होती. ती सायकलवरून कोपऱ्याशी वळेपर्यंत मी पाहत राहिलो. परतीच्या गाडीत वाटलं, थाटाला भुलायचं नाही हे मला चांगलं जमतं. पण संशयाची सवय अशी लागली आहे की थाट नसला तरी ती सुटत नाही. चावी बरोबर आहे हे बोल्टने माझ्या हातातच सांगितलं होतं. तरीही मी तिचं वय विचारत बसलो.