आबाचा हात आणि पिवळा दिवा

आचऱ्याच्या बाजारात मी बांगडे निवडत होतो. मासेवालीने टोपलीवरचा हात काढला आणि म्हणाली, ‘‘मास्तरानु, तुमचो आबा गेलो म्हणतत… खरा काय ता?’’ मी चक्क तिच्यावर ओरडलो. म्हटलं, काहीतरी बरळू नकोस, सकाळीच त्याच्याकडे चहा घेऊन आलोय. पण ओरडता ओरडताच बांगडे तिथेच टाकून निघालो होतो. तिठ्यावर पोचलो तेव्हा आबा त्याच्या पंक्चरच्या दुकानातल्या बाकड्यावर आडवा होता आणि त्याची बायको, आमच्या वहिनी, त्याच्या तळपायांना खोबरेल चोळत होत्या. दुपारचे बारा वाजले असतील. पंक्चर काढायला उघडलेली एका रिक्षाची ट्यूब तशीच पाण्याच्या घमेल्यात पडलेली. आबाला जाऊन आता महिना होऊन गेला.

आबा आणि मी एका बाकावर शिकलो. तो सातवीनंतर शाळेकडे फिरकला नाही, आणि मी शाळेतून बाहेरच पडलो नाही. बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. त्याने तेवढीच वर्षं पंक्चरं काढली. हवा मोजायचं घड्याळ त्याच्याकडे होतं, पण ते खुंटीला. तो टायरवर आधी बोटांच्या पेरांनी टकटक करायचा, मग अंगठा रोवायचा आणि सांगायचा, ‘‘दोन पौंड कमी आसा.’’ एसटीचे ड्रायव्हर पैज लावून घड्याळाने तपासायचे. दोनच पौंड कमी निघायची. मी एकदा विचारलं, हे कळतं कसं रे तुला? तर म्हणाला, ‘‘तुका इंग्रजी कसा कळता? तसाच.’’

दोन वर्षांपूर्वी आबाच्या छातीत पहिल्यांदा कळ आली, तेव्हा गाडी मिळेपर्यंत दीड तास गेला. आखाती देशात नोकरी करणाऱ्या त्याच्या मुलाने, सुहासने, ते मनाला फार लावून घेतलं. पुढच्या सुट्टीत त्याने एक जुनी पण परदेशी बनावटीची गाडी आणून अंगणात उभी केली. चावी माझ्या हातात देत म्हणाला, ‘‘काका, बाबांना गाडी येत नाही. तुम्हाला येते. गोव्याच्या हॉस्पिटलात न्यायची वेळ आली तर आता कुणाच्या तोंडाकडे बघायला नको.’’ मला गाडी येते म्हणजे काय, तर मालवणपर्यंत येते. हायवेवर समोरून ट्रक आला की मला घाम फुटतो. पण हे त्या पोराला सांगायची लाज वाटली. मोठ्या तोंडाने चावी घेतली.

गाडीत स्टिअरिंगपुढच्या वेगाच्या काट्याशेजारी एक पिवळा दिवा होता. घोड्याच्या नालासारखं चित्र आणि मध्ये उद्गारचिन्ह. टायरमधली हवा उतरली की तो पेटतो. पहिल्यांदा पेटला तेव्हा आबाने चारी टायर ठोकून पाहिले, अंगठा रोवला आणि म्हणाला, ‘‘काय एक झाला नाय. टायर बरे आसत.’’ दिवा तरीही चालूच. मी चष्मा लावून गाडीसोबत आलेलं इंग्रजी पुस्तक उघडलं. त्यात लिहिलं होतं की हवा योग्य आहे याची खात्री करा, चावी फिरवा, स्टिअरिंगच्या डाव्या अंगाचं बटण दिवा दोनदा लुकलुकेपर्यंत दाबून धरा आणि मग वीस मिनिटं एकसारख्या वेगाने, न थांबता गाडी चालवा. आता मला सांगा, आमच्या रस्त्यावर वीस मिनिटं न थांबता कोण गाडी चालवतो? एकदा तोंडवलीच्या फाट्यावर म्हशी आल्या, एकदा समोरून एसटी आली, आणि एकदा आबाच ओरडला, ‘‘थांब थांब, तो माझो व्याही!’’ व्याह्यांशी अर्धा तास गजाली मारून झाल्यावर आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

शेवटी कसाबसा दिवा विझायचा. पण चार दिवसांनी भल्या सकाळी गाडी काढली की हा बाबा पुन्हा हजर. मग दुपारी जेवून मी गाडी तिठ्यावर न्यायचो, आबा हवा सारखी करायचा, मी बटण दाबायचो. आमचा तो उद्योगच होऊन बसला. एकदा तर वहिनींनी वैतागून ग्रामदेवतेसमोर गाऱ्हाणं घालायला लावलं. देवळासमोर गाडी उभी, बॉनेटवर नारळ, आणि गुरव खड्या आवाजात, ‘‘बा देवा म्हाराजा, ह्या लेकराच्या गाडयेचो दिवो इनाकारण पेटता, तेची काय इडापिडा आसात ती दूर कर रे म्हाराजा!’’ जमलेले सगळे ‘‘व्हय म्हाराजा!’’ म्हणाले. सर्वांत मोठ्याने आबा म्हणाला आणि मग माझ्या कानाला लागून पुटपुटला, ‘‘देवाक तरी हेचा बटान खंय ता ठावक आसा काय रे?’’ देवळात हसू दाबताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

जानेवारीत आबाला पुन्हा दम लागायला लागला. डॉक्टरांनी गोव्याला जाऊन हृदयाच्या नळ्यांची तपासणी करून घ्यायला सांगितलं. सुहासने तिकडून फोनाफोनी करून तारीख मिळवली. मला बजावलं, ‘‘काका, ही तारीख चुकवू नका. ही चुकली तर पुढची महिन्याने मिळेल.’’ आदल्या दुपारी आबाने चारी टायर पाहिले, मी बटण दाबलं, गाडी फिरवून आणली. दिवा विझलेला होता.

त्या दिवशी आम्ही गोव्याला गेलो नाही, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. का गेलो नाही, याचीही गोष्ट ठरून गेली आहे. दिवा पेटला म्हणून आबाच हटून बसला, म्हातारा हट्टी होता, मास्तर तरी काय करणार… दिवसकार्याला आलेला प्रत्येक माणूस हेच बोलत होता. मी मान खाली घालून ऐकत होतो. नाही म्हटलं नाही.

खरं काय झालं ते आता सांगतो. सकाळी सहाला निघालो. थंडी होती. वहिनी मागे बसल्या होत्या आणि फायली त्यांच्या मांडीवर. मालवण यायच्या आत दिवा पेटला. मी गाडी बाजूला घेतली. आबा धापा टाकत उतरला, चारी टायर ठोकले, अंगठा रोवला आणि येऊन बसला. म्हणाला, ‘‘चल मास्तरा. थंडयेन एक-दोन पौंड हवा उतरली असतली. गोव्याकच काय, मुंबैक जातली गाडी.’’ मी पुस्तक काढलं. दिवा पेटल्यास वेग कमी करून लवकरात लवकर थांबावे, असं त्यात छापलेलं होतं. मी त्याला ते वाचून दाखवलं, मराठी करून सांगितलं. तो माझ्याकडे बघत राहिला. ‘‘मेल्या, माझो हात खोटो काय?’’ मी म्हटलं, तसं नाही रे, पण हायवेवर काही झालं तर… मी गाडी वळवली. परत येताना माझ्या छातीवरचं ओझं उतरलं होतं, आज हायवेवर जायचं टळलं म्हणून. देवाशपथ सांगतो, मला बरं वाटलं होतं.

तो अठराव्या दिवशी गेला.

सुहासने परवा कुडाळचा मेकॅनिक बोलावला. त्याने पाच मिनिटांत सांगितलं की टायर उत्तम आहेत. तुम्ही भर दुपारी, गाडी चालवून आणून, टायर तापलेले असताना हवा सारखी करायचात आणि बटण दाबायचात. गाडी तीच हवा खरी धरायची. पहाटे गारठ्याने थोडी उतरली की दिवा पेटणारच. हवा सकाळी, गाडी हलवण्याआधी भरायची, एवढंच. पुस्तकात हे होतं का? होतं. त्याच पानावर, खाली बारीक अक्षरात होतं. मी वाचलं नव्हतं. आबाने न वाचता अंगठ्याने ओळखलं होतं.

काल सुहास परत गेला. निघताना माझ्या पाया पडला आणि माझे दोन्ही हात धरून म्हणाला, ‘‘काका, बाबांनी ऐकलं नाही, तुम्ही तरी काय करणार? तुम्ही मनाला लावून घेऊ नका.’’ मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. वहिनी दारात उभ्या होत्या. त्या दिवशी त्या तर गाडीत मागेच बसल्या होत्या, त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी फक्त माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, ‘‘भावोजी, चाय घेतल्याशिवाय जाव नकात.’’