पोळ्याच्या दिवशी हललेलं खोड

दुखऱ्या मनगटाला लावायला तुपात हळद गरम केली की त्या वासासरशी मला अनसिंगजवळच्या आमच्या गावातली पोळ्याची एक सकाळ दिसते. आदल्या सांजेला काकूने म्हाताऱ्या बैलाचे खांदे हळद-तुपाने शेकले होते आणि रीतीप्रमाणे, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," असं त्याला सांगितलं होतं. पहाटेच्या वाऱ्याने कडुनिंबाचं जाड खोड नेमकं गोठ्याच्या दारात आडवं पडलं. गल्लीत ट्रॅक्टर शिरेना, आणि त्या दिवशी कोणत्याच बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. चौघांनी जोर लावून पाहिला, खोड हलेना. "आवतन देल्लं अन् पाहुण्याले कोंडलं काहून वो, वहिनी?" शेजारी हसला. "तुमी बाजूले व्हा, उगाच घाम गाळून राह्यले," म्हणत काकूने लांब पहार खोडाखाली सारली, तिच्याखाली दगडाचा टेकू दिला आणि दुसऱ्या टोकावर सावकाश वजन टाकलं. कोवळ्या उन्हात धूळ तरंगत होती, चिरडलेल्या पानांचा कडू वास येत होता, आणि झोपेतल्या माणसाने कूस बदलावी तसं ते खोड अलगद उचललं गेलं. मी खाली गोल लाकडं सरकवली. मग त्या चौघांतल्या दोघांच्या ढकलण्याने ते घरंगळत बाजूला झालं. बैल उंबऱ्याशी आला तेव्हा काकू पदर सावरत त्याला म्हणाली, "या, जराक उशीरच झाला तुमाले." आज मी तिच्या वयाची आहे, जड वस्तू दिसली की आधी टेकू शोधते, पण पाहुण्याला ताटकळत ठेवल्याची तिच्या आवाजातली ती मऊ लाज मला अजून साधलेली नाही.