आमच्या घरातल्या फ्रेंच बाई

आमच्या घरात 'बाई' म्हटलं की दोन शक्यता असायच्या. एक, भांडी घासायला येणाऱ्या. आणि दुसऱ्या, फ्रान्समध्ये राहणाऱ्या. "बाईंचं काही बरं नाही गं चाललंय सध्या," असं आई पोळ्या लाटता लाटता म्हणाली की मी घाबरून विचारायचे, "कुठल्या?" उत्तर "पॅरिसच्या" असं आलं की जीव भांड्यात पडायचा. निदान भांडी तरी माझ्यावर येणार नसायची.

पॅरिसच्या बाई म्हणजे फार मोठी सिनेनटी. नाव मी सांगत नाही, आईनंही कधी घेतलं नाही. एक तर तिला ते उच्चारता यायचं नाही, आणि दुसरं म्हणजे बाईंना असं नावानं हाकारणं तिला बरं वाटायचं नाही. खरं तर दोघी एकाच वयाच्या.

ही ओळख झाली पुण्याच्या एका फिल्म सोसायटीत. सभासद होते बाबा. ते कारखान्यात इंजिनिअर, आणि आठवड्याभराची राहिलेली झोप ते रविवारी सकाळी त्या अंधाऱ्या हॉलमध्ये, युरोपातल्या थोर दिग्दर्शकांच्या साक्षीनं भरून काढत. जागी असायची ती शेजारच्या खुर्चीतली आई. पडद्याच्या तळाशी इंग्रजी ओळी यायच्या, पण आईचं इंग्रजी मराठी शाळेतलं. ती पहिली ओळ लावेपर्यंत तिसरी येऊन गेलेली असायची. मग तिनं वाचणं सोडून दिलं आणि बाईंचा चेहरा बघायला लागली. "ओळी कशाला हव्यात?" ती म्हणायची. "त्या दार उघडून उभ्या राहिल्या तेव्हाच कळलं, नवरा काही परत येत नाही."

त्याच दुपारी आमच्या मजल्यावरच्या बायका शेंगा सोलायला जमायच्या आणि आई त्यांना अख्खा सिनेमा सांगायची. बाई कशा चालल्या, कशा वळल्या, सगळं करून दाखवत. मी मांडीशी बसून ऐकायचे, म्हणून काही प्रसंग गाळले जायचे. अशा जागी तिचं एक ठरलेलं वाक्य होतं: "मग ती दोघं बराच वेळ बोलत बसली." कित्येक वर्षं माझी समजूत होती की फ्रेंच माणसं फारच बोलकी असतात.

पण सिनेमापेक्षा रंगायची ती बाईंची जन्मकथा. मासिकांतून, वर्तमानपत्रांतून वेचलेले तुकडे आई असे जोडायची, जणू बाई आमच्या लांबच्या नात्यातल्या. बंदराच्या गावात जन्म. वडील जहाजं दुरुस्त करायचे, आई नाटकमंडळीचे कपडे शिवायची. शिवलेला झगा पोचवायला म्हणून पोरगी थिएटरात गेली, तिथली नटी रुसून बसलेली, आणि झगा जिच्या हातात होता तिच्याच अंगावर चढला. मग सिनेमा. पहिल्याच सिनेमात बाई पुरुषाचा ओव्हरकोट घालून धक्क्यावरून धावत सुटल्या आणि अर्ध्या फ्रान्समधल्या पोरींनी आपापल्या वडिलांचे कोट पळवले.

पहिला नवरा नट. "देखणा होता, पण बिनकामाचा." दुसरा दिग्दर्शक, घरातसुद्धा गॉगल लावणारा. त्यानं बाईंना घेऊन ओळीनं सिनेमे काढले आणि प्रत्येकात त्यांना रडवलं. आईनं त्याला कधीच माफ केलं नाही. "बायकोला रडवतो आणि वर त्याची बक्षिसं घेतो मेला!" त्याला सोडल्यावर बाईंना मुलगी झाली, ती लग्नाशिवाय. यावर आमच्या मजल्यावर शांतता पसरली, तेव्हा आई शेंग सोलत म्हणाली, "राहून गेलं असेल. शूटिंगं असतात त्यांना." विषय संपला. मग अमेरिकेनं बोलावलं. बाई गेल्या आणि एकाच सिनेमानंतर परत आल्या, कारण तिथल्या लोकांना त्यांच्या पुढच्या दातांमधली फट बुजवायची होती. आईच्या दातांतही तशीच फट आहे. त्या दिवशी घरात शिरा झाला.

चाळिशीनंतर बाईंना काम मिळेना. मिळालं तर कुणाच्या तरी आईचं, कुणाच्या तरी मेहुणीचं. त्या गावोगाव नाटकं करत फिरल्या. मग बाबा गेले त्या वर्षी बाईंचा एक सिनेमा आला. पन्नाशीच्या पुढची बाई, तोंडाला रंग नाही, आणि सगळा सिनेमा तिच्या एकटीच्या खांद्यावर. आई तो एकटीनं बघून आली आणि दुसऱ्या दिवशी तिनं स्कूटर शिकायच्या क्लासात नाव घातलं. दोन्हींचा संबंध काय, ते तिनं सांगितलं नाही.

गेली काही वर्षं आई आमच्याकडे ऑकलंडला, अल्बनीत असते. नवरा आणि मी दोघंही दिवसभर कामावर. माझं ऑफिस तर पार माउंट वेलिंग्टनला. आई घरी, सोबतीला स्वयंपाकघराच्या खिडकीतला रेडिओ, सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालू. मला वाटायचं, घरात आवाज असावा म्हणून लावते.

आणि मग तिचे डोळे जायला लागले. जाण्याची तऱ्हाही अशी विचित्र, की कडा राहिल्या आणि मधलं गेलं. दाराची चौकट दिसते, पण दारात उभं कोण ते दिसत नाही. ताटाचा काठ दिसतो, भात हातानं शोधावा लागतो. जिनं जन्मभर माणसांचे चेहरे वाचले, तिच्यासाठी नेमके चेहरेच पुसले गेले.

डोळ्यांच्या क्लिनिकमध्ये दुभाष्याची सोय होती. मी ती ऐटीत नाकारली. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीचं सूत्रसंचालन गेली कित्येक वर्षं माझ्याकडे आहे. माझ्या आईला दुभाष्या कशाला? डॉक्टर तरुण होती, सावकाश आणि स्पष्ट बोलली. म्हणाली, गेलेली नजर परत येणार नाही. इंजेक्शनांनी फार तर वेग कमी होईल. डाव्याचं मधलं गेलंच आहे, आणि अंधुक झालेला उजवा डोळाही त्याच वाटेवर आहे.

मी आईकडे वळून सांगितलं, "म्हणतायत, इंजेक्शनं घेऊन बघू, सुधारेल हळूहळू."

"बरं," आई म्हणाली.

आपल्याकडे हे असंच असतं. आजारी माणसासमोर डॉक्टरांना डोळ्यांनी दटावायचं आणि बाहेर येऊन त्याला नारळपाणी पाजायचं. इथं नारळपाणी डब्यातलं मिळतं, एवढाच फरक.

तशात बातमी आली, बाईंचा नवा सिनेमा शहरातल्या जुन्या थिएटरात लागतोय. आई हट्टाला पेटली. "मला एकदा त्यांचा चेहरा बघायचाय. मोठ्या पडद्यावर. एवढा मोठा चेहरा तरी दिसेल की मला."

"आणि गोष्ट?"

"ती तू सांग कानात. पण हे बघ, मीठमसाला नको. मंडळात बोलतेस तसं नाही."

"मी मीठमसाला घालते?"

"तू इडलीची रेसिपी सांगितलीस तरी त्यात खलनायक असतो."

मी रजा काढली. आई ठेवणीतली मोरपंखी साडी नेसली, वर माझं फुगीर पफर जॅकेट आणि पायात मोजे-बूट. पर्समध्ये सँडरिंगहॅमच्या भारतीय दुकानातून आणलेल्या नारळाच्या वड्या, चकली तिनं मुद्दाम टाळली, "आवाज होतो." डबलडेकर बसमधून आम्ही थाटात शहरात गेलो. सकाळचा खेळ, प्रेक्षक मोजके, बहुतेक पांढऱ्या केसांच्या गोऱ्या आज्या.

दिवे गेले. पडद्यावर समुद्र, एक घर, आणि खिडकीत बाई. मी आईच्या कानाशी लागले. "म्हाताऱ्या झाल्यात. घर समुद्रावर आहे. विधवा आहेत. मुलगी शहरातून आलीय, तिला वाटतंय आईनं घर विकावं." आई ऐकत होती, पण तिची मान सारखी हलत होती. समोर नजर लावली की बाई नाहीशा व्हायच्या, फक्त खिडकीची चौकट उरायची. मला तिच्याकडे बघवेना.

इतक्यात मागून खांद्यावर टकटक झाली. मला वाटलं, आता बोलणी बसणार.

"एक्स्क्यूज मी, डिअर," मागच्या आजी कुजबुजल्या. "माझा चष्मा घरी राहिलाय. एक ओळ वाचता येत नाहीये. तुम्ही सांगताय ते मलाही सांगाल का?"

आता माझ्यासारखीला असं कुणी विचारावं! मी लगेच आडवी बसले. डावीकडे आईच्या कानात मराठी, उजवीकडे मागं वळून इंग्रजी. आईनं मागं वडी पाठवली. आजी म्हणाल्या, "ओह, लव्हली." खेळ रंगात आला.

आणि मग तो प्रसंग आला. बाई दवाखान्यात, शेजारी मुलगी, समोर डॉक्टर. खाली ओळ उमटली. मी मागं वळून आजींना सांगितलं, "डॉक्टर म्हणतोय, हे आता बरं होणार नाही." आणि आईकडे वळून सांगितलं, "डॉक्टर म्हणतायत, विश्रांती घ्या, वाटेल बरं."

आई माझ्याकडे झुकली. मग हळू आवाजात म्हणाली, "त्यांना एक आणि मला एक?"

मी रंगेहाथ सापडले होते. मंडळात अशी वेळ आली की मी प्रेक्षकांना टाळ्या वाजवायला सांगते.

"तुला... कळलं?"

"दिवसभर रेडिओ काय शोभेला लावते? आणि तुझं इंग्लिश तर सगळ्यात सोपं. मराठीतच बोलतेस अजून."

"आई, मी—"

"त्या डॉक्टरीणबाई पण चांगलं स्वच्छ बोलत होत्या."

म्हणजे तेव्हापासून तिला ठाऊक होतं. क्लिनिकमधून येताना ती शांतपणे नारळपाणी प्यायली होती, आणि मला वाटलं होतं, चला, निभावलं.

"बोलली का नाहीस?"

"तू इतकी मन लावून खोटं बोलत होतीस. कसं मोडायचं?"

"तूही गाळायचीस की. बराच वेळ बोलत बसायची ती दोघं."

"तू सहा वर्षांची होतीस गं. मी काय सहा वर्षांची आहे?" मग तिनं माझा हात घट्ट धरला. "आता सांग. त्यांना सांगतेस तसं."

मागून आजींनी काळजीनं विचारलं, "काय झालं? गेली का ती?"

"नाही, नाही," मी म्हटलं. "अजून आहे."

पुढचा सिनेमा मी एकच सांगितला, दोन भाषांत. बाई घर विकत नाहीत. मुलगी चिडते, रडते, मग राहते. फारसं काही घडत नाही. मध्येच माझं लक्ष गेलं, आई पडद्याकडे बघतच नव्हती. तिनं मान वळवली होती बाहेर जायच्या दारावरच्या हिरव्या दिव्याकडे, आणि तिकडेच टक लावून बसली होती. मी म्हटलं, "कंटाळलीस?"

"श्श. अशी मान केली की त्या कडेला येतात. अर्धा गाल दिसतोय." ती हसली, ती हसली की दातांतली फट दिसते. "आता चेहरा सांग. आहे तसा."

मी सांगितला. डोळ्यांखाली पिशव्या आल्यात. मानेची कातडी सुटलीय. ओठ पार बारीक झालेत. भुवया जवळजवळ गेल्यात, आणि त्या पेन्सिलीनं रेखलेल्याही नाहीत. फट आहे. एक शब्द वाढवला नाही. इतकं कोरडं मी आयुष्यात कधी बोलले नसेन, आणि आईच्या तोंडावर असं समाधान होतं, जसं पूर्वी शेंगा सोलताना तिला ऐकणाऱ्या बायकांच्या तोंडावर असायचं.

बाहेर आल्यावर आजींनी आईचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाल्या, तुमची लेक फार छान सांगते. आई चक्क इंग्रजीत म्हणाली, "येस. व्हेन आय वॉच हर." मी त्या माउलीकडे बघतच राहिले.

परतीच्या बसमध्ये आम्ही वरच्या मजल्यावर अगदी पुढं बसलो. पुलावर बस चढल्यावर आई म्हणाली, "चल, आता डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते सांग. मला कळलंय सगळं, पण तुझ्या तोंडून ऐकायचंय."

मी सांगितलं. परत येणार नाही. उजवाही जाईल. कधी, ते त्यांनाही माहीत नाही. एकही वाक्य गाळलं नाही. आईनं मान हलवली, पर्समधून वडी काढली, अर्धी मला दिली.

"आणि तू?" ती म्हणाली.

"मी काय?"

"तुझा चेहरा. नीट बघून मला बरीच वर्षं झाली. तो पण सांग. नीट."

खाली पाणी, होड्या, आणि माझ्यासमोर आयुष्यातला सगळ्यात अवघड प्रेक्षक. मी खिडकीच्या काचेत बघितलं. भांगात पांढरं आलंय, म्हटलं. कपाळावर आठ्या, रागावले नसले तरी. हनुवटीखाली दुसरी हनुवटी.

"दुसरीच ना?" आईनं बोटांनी चाचपून बघितलं. "मला तिसरी लागतेय."

"आई, ती माझ्या कोटाची कॉलर आहे!"

"बरं, मग नाक सांग," ती म्हणाली आणि खिडकीकडे तोंड करून बसली, म्हणजे मी तिला कडेनं थोडी दिसावी.