ओसित वहिनीचा आडोसा

ओसित वहिनीला कुणी 'बिचारी' म्हटलं की माझं डोकंच फिरतं. माझा थोरला भाऊ तेओफिल गेला तेव्हा चर्चच्या पायऱ्यांवर अर्धं गाव हाच शब्द चघळत उभं होतं. बिचारी ओसित, बिचारीनं आता हॅलिफॅक्सला लेकीकडे जावं, बिचारीचा हिवाळा कसा निघणार. मी म्हटलं, जिनं डोळे वटारले की तुमची कुत्री बसतात ती बिचारी असेल, तर मग तुम्ही कोण? माझ्या जिभेला हाड नाही असं लोक म्हणतात. नसू दे.

वहिनी उंचीला जेमतेम माझ्या खांद्याला लागते. हात मात्र बाप्याचे. आमच्या सुरेतांच्या घरात ती लग्न होऊन आली ती एक कपड्यांची पेटी आणि एक लाल पिल्लू घेऊन. त्या पिल्लाची नात-पणती म्हणजे आताची रुसेत. कोल्ह्याच्या रंगाची, पायांना पांढरे मोजे, शेपटीचा नुसता झुबका. बाहेरून आलेले शिकारी तिला पाहून हसतात, एवढंसं कुत्रं काय शिकार आणणार म्हणून. हसू देत. आमच्याकडची कुत्री पडलेली शिकार उचलून आणतात, पण त्याआधी ती शिकारीला बोलावूनही आणतात, हे त्यांना कुठे ठाऊक.

बदकं खाडीच्या मधोमध बसलेली असतात, बंदुकीच्या टप्प्याबाहेर. आपण किनाऱ्यावर आडोशात पालथं पडायचं आणि एक काठी बाहेर टाकायची. कुत्रं धावत जातं, काठी उचलतं, नाचतं, परत आडोशात गायब होतं. पुन्हा काठी, पुन्हा नाच. बदकांना राहवत नाही. हे काय चाललंय म्हणून बघायला ती एकेक करत पोहत जवळ येतात. कुत्र्यानं त्यांच्याकडे एकदाही बघायचं नाही. टाकणाऱ्याचा हात एकदाही दिसायचा नाही. मग बंदूकवाला उठतो, बदकं उडतात आणि बार होतो. नाव होतं ते बार काढणाऱ्याचं. काठी टाकणाऱ्याला कोण विचारतं? तेओफिलदादाच्या आडोशात काठी टाकायची वहिनी, लग्नाच्या पहिल्या हिवाळ्यापासून.

तो आडोसा आहे दांड्याच्या टोकाला, जिथे खाजण संपतं आणि वाळू समुद्रात घुसते. सगळ्या किनाऱ्यावर तशी जागा नाही. त्याला कागद नाही, कुंपण नाही. आमची रीत एवढीच की मोसमाच्या पहिल्या दिवशी दांड्यावर जे पडेल त्याची पहिली रापूर, म्हणजे किसलेल्या बटाट्यांत भाजलेलं मांस, सगळ्या वस्तीला खाऊ घालायची. ज्याची शिकार, त्याचा दांडा, पुढच्या मोसमापर्यंत. जो जेवला त्यानं ते मान्य केलं. पण एखाद्या घरानं ताट बाजूला सारलं, तर भांडण मिटेपर्यंत तिथे कुणीच बसायचं नाही.

दादा गेला आणि धाकट्या अन्सेल्मला दांडा दिसायला लागला. तसा तो वाईट नाही, माझाच भाऊ आहे. पण बॉस्टनच्या शिकाऱ्यांना होडीतून फिरवता फिरवता त्याला त्यांचं वारं लागलं. त्यांच्यातल्या एकानं त्याला एक काळं लॅब्राडोर दिलं, ड्यूक नावाचं, वासराएवढं. त्या कुत्र्यापेक्षा अन्सेल्मच जास्त फुगला. दांड्यावर परक्यांना बसवायचं त्याच्या मनात होतं.

रविवारी प्रार्थना सुटल्यावर, सगळ्यांसमोर, तो वहिनीला म्हणाला, "वहिनी, तुम्हांला त्रास नको. दांडा मी सांभाळतो. बदकं पाठवत जाईन घरी."

"मी काय आजारी आहे, भाऊजी?"

"तसं नाही. पण शिकार म्हणजे नेम लागतो. दादाचा नेम होता म्हणून दांडा आपल्या घरात राहिला."

"पहिल्या दिवशी मी बसणार आहे," वहिनी म्हणाली.

दोघंचौघं हसले. अन्सेल्मही हसला, आणि तिथेच चुकला. म्हणाला, "बसा ना. पण सोबत पुरुष न्यायचा नाही. नाहीतर बार त्याचा आणि नाव तुमचं. आणि मोकळ्या हातानं परत आलात तर मग दांड्याचं नाव काढायचं नाही."

आता एकट्या माणसाला काठी आणि बंदूक दोन्ही जमत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. त्यालाही कळत होतंच. वहिनीच्या हिवाळ्याचं मांस त्या दांड्यावर होतं. बंदिवासात बसल्यासारखं लेकीच्या माडीवर खिडकीशी बसायचं, की आपल्या घरात राहायचं, तेही त्याच दांड्यावर होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"पुरुष नाही ना न्यायचा?" मी म्हटलं. "बरं झालं. मी जाते."

"ताई, तू?"

"का? मी बाई आहे याबद्दल तुला शंका आहे का?"

या खेपेला हसणारे जास्त होते.

पहिल्या दिवशी उजाडता उजाडता आम्ही आडोशात पालथ्या पडलो होतो. खाली ओली वाळू, वर समुद्री गवताचा भारा, नाकात शेवाळाचा वास. समोर ओहोटीच्या पाण्यावर काळी बदकं, बरीच. खाडीच्या पलीकडच्या अंगाला अन्सेल्म होडी लावून बसला होता, ड्यूकला घेऊन. बघायला आलोय, म्हणाला.

मी पहिली काठी टाकली ती थेट खडकावर आदळली. वहिनीनं माझ्याकडे असं पाहिलं की ड्यूकही बसला असता.

"मनगटानं टाक, वन्सं. भांडी आपटल्यासारखी नको."

दुसरी बरी गेली. रुसेत नाचत गेली, नाचत आली. तिसरी, चौथी. मला मान वर करून बघायची इतकी इच्छा होत होती की मी कपाळ वाळूत रुतवून ठेवलं. बदकांची कुजबुज ऐकू यायला लागली. मग इतकी जवळ आली की पायांनी पाणी कापल्याचा आवाज यायला लागला. वहिनी उठली.

दोन बार, दोन बदकं. माझ्या कानांत दडे बसले. रुसेतनं एक आणलं, वहिनीच्या हातात दिलं, लगेच दुसऱ्यासाठी वळली. आणि मी आ वासून बसले. पहिल्यांदा बंदूक धरणारी बाई अशी उठत नाही. खांद्याला ती अशी लावत नाही.

"वहिनी, हे कधी शिकलीस?"

ती बंदुकीच्या नळ्या खाली दुमडून रिकामी काडतुसं काढत होती. "तुझ्या भावाच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हा. चार हिवाळे झाले. तो काठी टाकायचा, मी मारायचे."

"आणि आम्ही सगळे त्याच्या नेमाचं कौतुक करत होतो."

"करत होतात. त्याला बरं वाटायचं. आता तोंड बंद ठेव. मेलेल्या माणसाचं नाव आहे ते, राहू दे त्याचं त्याला."

मी आणि तोंड बंद. पण ठेवलं.

सकाळभर बदकं येत राहिली. ऊन वर आलं तेव्हा वहिनीच्या शेजारी चांगला ढीग होता, पण सगळ्या वस्तीच्या रापुरीला तो अपुरा पडला असता. तेवढ्यात उत्तरेकडून रानहंसांची रांग आली, खाली, ओरडत. वहिनीनं श्वास घेतला आणि बार काढला. एक मोठा हंस तिरका होत खाडीपलीकडे पडला, अन्सेल्मच्या होडीपासून हाकेच्या अंतरावर. पंख मोडला होता, पण जीव होता. पाण्यात तो छाती वर काढून फडफडत होता.

आमच्याकडे पक्षी ज्याच्या कुत्र्यानं आणला त्याचा. अन्सेल्मनं ड्यूकच्या पाठीवर थाप मारली. ते धूड पाण्यात पडलं तेव्हा लाटच उठली. इकडून रुसेत निघाली. ती म्हातारी, प्रवाह तिच्या विरुद्ध, आणि हंस जवळजवळ तिच्याच मापाचा. मी वहिनीचा दंड धरला. वहिनी हलली नाही, हाकही मारली नाही.

ड्यूक आधी पोहोचला. सरळ गेला, आणि हंसानं चांगल्या पंखानं त्याच्या थोबाडावर असा तडाखा दिला की बॉस्टनचं कुत्रं गोल फिरलं. त्याच्या मालकानं त्याला मेलेले पक्षीच दाखवले असणार. रुसेत समोरून गेलीच नाही. मागून गेली, मोडलेला पंख मुळाशी धरला आणि मागे मागे पोहत ओढायला लागली. मध्येच ती बुडाली. मी देवाचं नाव घेतलं. मग लाल डोकं वर आलं आणि पंख अजून तोंडात होता. ड्यूक तिच्यामागून पोहत आमच्याच किनाऱ्याला आला, मोकळा, आणि आमच्याच अंगावर पाणी झाडून उभा राहिला.

"तुमचं कुत्रं घेऊन जा, भाऊजी," वहिनीनं पाण्यावरून आवाज दिला. "भुकेलंय ते."

स्वयंपाकघरात दोन दिवस नुसती पिसं. बायका आल्या, अन्सेल्मची बायको बेर्नादेत सगळ्यांत आधी. मऊ पिसं उश्यांसाठी पोत्यात, हंसाचे पंख चुलीजवळ झाडायला, हंसाची चरबी वितळवून बरण्यांत, काही तळायला, काही पोरांच्या छातीला चोळायला. काळजं, यकृतं वेगळी. हाडं, माना रश्श्याला. बटाटे किसून किसून बोटांची सालं निघाली. तो कीस फडक्यात पिळून कोरडा केला, त्यात उकळता रस्सा ओतला, मध्ये मांस घातलं, वर मिठात मुरवलेलं डुकराचं मांस पसरलं आणि ती परात भट्टीत गेली. वरचा पापुद्रा तांबूस झाला की बाहेरच्या रस्त्यावरही लोकांची पावलं मंदावतात.

रविवारी सगळी वस्ती वहिनीकडे होती. वहिनीनं रीतीप्रमाणे पहिलं ताट घरच्या पुरुषाला वाढलं, म्हणजे अन्सेल्मला. त्यानं ते बोटानं पुढे सारलं.

"मी खाणार नाही."

चमचे थांबले. सगळ्यांना कळलं. त्यानं ताट सारलं म्हणजे दांडा ओस पडला. वहिनीचाही गेला, त्याचाही गेला, आणि एकदा ओस पडला की पुढच्या वर्षी जोर करायला तो मोकळा.

"भाऊजी, मीठ कमी आहे का?"

"मिठाचं नाही, वहिनी. एक सकाळ नशीब लागलं म्हणून कुणी शिकारी होत नाही. दादाचा दांडा होता तो. गेल्या वर्षी त्यानं एका दमात दोन हंस पाडले, मी माझ्या होडीतून ते पडताना डोळ्यांनी बघितलं. दाखवा असा नेम इथे कुणाचा आहे. त्याची जागा अशी कुणालाही द्यायची म्हणजे त्याचा अपमान आहे."

मी उठले होते. काय बोलणार होते ते आठवत नाही, पण ते जेवणाच्या टेबलावर बोलण्यासारखं नव्हतं. वहिनीनं हात वर केला आणि मी बसले.

"ते हंस मी पाडले होते," ती म्हणाली.

"उगाच काहीतरी."

"त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. तुमचा चेहरा त्याला दिसत नव्हता. आठवून बघा. शेवटची चार वर्षं तुम्ही बोलल्याशिवाय त्यानं तुम्हांला कधी आधी हाक मारली?"

अन्सेल्मच्या शेजारून बेर्नादेत हळूच म्हणाली, "मी दादांना कॉफी द्यायचे तेव्हा ते कप घ्यायला हवेत हात धरायचे. मला वाटायचं, वय झालं."

"मी हे सांगणार नव्हते," वहिनी म्हणाली. तिचा आवाज कापत होता, पण रडण्यानं नाही. मी तिला ओळखते, तो राग होता. "त्याचं नाव त्याच्यापाशी राहिलं असतं. पण त्याचंच नाव घेऊन मला माझ्या जागेवरून उठवायला निघालात, म्हणून सांगते. चार वर्षं मी मारलेलं तुम्ही या टेबलावर खाल्लंत. हाडं चोखलीत, दुसऱ्यांदा वाढून घेतलंत. जो जेवला त्यानं मान्य केलं, ही रीत तुमच्या बापजाद्यांची आहे, माझी नाही. आता खा, नाहीतर नका खाऊ. दांडा माझा हे तुम्ही आधीच चारदा कबूल केलंय."

टोकाला बसलेल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "मग तेओफिल काय करायचा गं आडोशात?"

"काठी टाकायचा," वहिनी म्हणाली, आणि आता मात्र तिचे डोळे भरले. "त्याला ती पडलेली दिसायची नाही, पण हव्या त्या जागी पडायची. तशी काठी या किनाऱ्यावर कुणी टाकली नाही. ही आमची वन्सं तर खडक फोडते."

हशा पिकला. मीही हसले, डोळे पुसत. मग अन्सेल्मनं ताट आपल्याकडे ओढलं, चमचा घातला आणि एक घास खाल्ला.

"गार झालंय," तो म्हणाला.

"मग वेळेवर खायचं होतं," वहिनी म्हणाली आणि पुढचं ताट वाढायला घेतलं.